तांदळात लिहिलेलं नाव

वकीलबाईंच्या ऑफिसात येणाऱ्यांसाठी दोनच खुर्च्या होत्या आणि आम्ही तिघं गेलो होतो. "मी बाहेर बसतो," असं म्हणून बाबा जिन्याजवळच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथे पडलेला पेपर उघडून त्यांनी तोंडासमोर धरला. पेपर तमिळ होता. बाबांना तमिळ वाचता येत नाही.

आत वकीलबाई इंग्रजीत बोलत होत्या, मधूनमधून तमिळमध्ये. आईला मराठी आणि हिंदी येतं, तमिळ भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं. त्यामुळे माझ्या लग्नाचं पुढे काय करायचं हे सगळं माझ्याच तोंडून आईपर्यंत पोचत होतं. लहानपणापासून मी हे काम करत आले होते: गॅसवाला, प्लंबर, शाळेतल्या बाई. प्लंबरचं बोलणं सांगताना जो आवाज काढायचे तोच मी तेव्हाही काढला.

"त्या म्हणतायत, दोन रस्ते आहेत. घटस्फोट घेतला तर कागदावर राहतं की लग्न झालं होतं आणि अमुक दिवशी संपलं. दुसरं असतं ॲनलमेंट. त्यात कोर्ट म्हणतं, हे लग्न धरायचंच नाही. कधी झालंच नव्हतं, असं."

"झालंच नव्हतं?" आई पुढे सरकली. "म्हणजे ही परत लग्नाआधी होती तशी?"

"कायद्याच्या दृष्टीने."

"मग तेच करा म्हणावं. विचारतेस काय?"

ॲनल हा शब्द मला शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक होता. बंगालची फाळणी झाली आणि काही वर्षांनी ती ॲनल केली गेली. शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती. तो माणसांच्या बाबतीतही वापरतात हे तेव्हा कळलं नव्हतं.

वकीलबाईंनी मग कारण काय द्यायचं ते सांगितलं. आठ महिन्यांत संबंध आला नाही, नवरा असमर्थ आहे. सुनावणी बंद खोलीत चालते, बाहेरचं कुणी नसतं. डॉक्टरची तपासणी होऊ शकते, दोघांचीही. "आणि तो सगळ्या जगाच्या बाबतीत असमर्थ असायला हवा असं नाही," त्या पेनाचं टोपण लावत म्हणाल्या. "फक्त तुमच्या बाबतीत असला तरी पुरतं. कोर्ट ते मान्य करतं."

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"चालेल म्हणतायत," मी म्हटलं.

माझं लग्न अड्यारमधल्या एका तंजावर मराठी घरात झालं होतं. बाबा एन्नोरला बंदराच्या कचेरीत होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहत होतो. आम्ही साताऱ्याकडचे. पुढच्या बदलीत परत जाऊ, असं आई दर वर्षी म्हणायची, आणि मी इथेच वाढले. दोरीवरच्या कपड्यांवर वीजकेंद्राची राख यायची ती झटकून घड्या घालायच्या, हे मला अक्षरओळखीच्या आधी आलं. बाहेरच्या माणसाशी मला कुठल्याच भाषेत धड बोलता यायचं नाही. आईला वाटायचं, याला इंग्रजी शाळा कारणीभूत आहे. पुण्या-साताऱ्याची स्थळं यायची, मुलाकडचे प्रश्न विचारायचे, मी मान हलवायचे, आणि चार दिवसांनी निरोप यायचा की मुलीला मराठी येत नाही वाटतं.

म्हणून तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी अड्यारचं स्थळ सुचवलं तेव्हा आईला हायसं वाटलं. मराठी, आणि तरी इथलेच. ते लोक कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत येऊन राहिलेले. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता आणि शब्द आमच्या पणजीच्याही आधीचे. "आपलेच आहेत हो," आई बाबांना म्हणाली, "जरा जुने झालेत एवढंच."

लग्न त्यांच्या रीतीने झालं, पण एका गोष्टीवर आई अडून बसली. आमच्यात लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. मग ते नाव मोठ्याने सांगून पेढे वाटतात. त्यांच्या घरात हे कुणी करत नव्हतं. आईने मात्र नाव सुद्धा ठरवून ठेवलं होतं, त्याच्या नावाशी जुळणारं. नाव वाईट नव्हतं.

ताट आलं. त्याने अंगठी घेतली आणि थांबला. मग हळूच म्हणाला, "मला मराठी लिहायला येत नाही."

ती माणसं घरात मराठी बोलायची आणि लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं वापरायची. हे आईच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा चेहरा पडला. आमच्या मंडळाचे गुरुजी तिथे होते, ते म्हणाले, "लिहू द्या हो वहिनी. देवाला सगळ्या लिप्या येतात. पेढ्यांचं बघा." लोक हसले. त्याने तमिळमध्ये लिहिलं. आईने ठरलेलं नाव मोठ्याने सांगितलं, टाळ्या झाल्या, पेढे फिरले.

आमच्याकडच्यांपैकी कुणालाच ते वाचता येत नव्हतं. मला येत होतं. बसच्या पाट्या वाचत वाचत मी तमिळ शिकले होते. तांदळात माझंच नाव होतं, शाळेच्या दाखल्यावरचं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तळहात फिरवून तांदूळ सारखे केले.

तो गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात होता. अड्यारहून रोजचं जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिकडे त्याने खोली घेतली होती. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. लग्नानंतर मी तिकडे जाईन असं सगळ्यांनी धरलं होतं. पहिल्या महिन्यात तो म्हणाला, खोली लहान आहे. दुसऱ्या महिन्यात म्हणाला, पाण्याचा त्रास आहे. त्यानंतर कुणी विचारलं नाही. येताना माझ्यासाठी काहीतरी आणायचा, एखादं मासिक, पेन, एकदा छत्री. लांबच्या बहिणीला आणावं तसं. झोपायचा बाहेरच्या खोलीत, उकडतं म्हणून. नोव्हेंबरातल्या पावसातही त्याला उकडायचं.

एका रविवारी दुपारी अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, देवळात गेल्या होत्या तेव्हा त्याने मला सांगितलं. त्याला लग्नच नको होतं, कुणाशीच. अम्मांनी जेवण सोडलं तेव्हा तो बोहल्यावर उभा राहिला. का नको होतं तेही सांगितलं. ते त्याचं आहे. मी कुणाला सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. तो खरं बोलत होता, एवढं लिहिते.

"आता काय करायचं?" मी विचारलं. आम्ही दोघं एकमेकांशी तमिळमध्ये बोलायचो.

"तू सांग," तो म्हणाला. मी उठून चहा केला. तो चहा पीत नसे, कॉफी प्यायचा, हे मला माहीत होतं तरी चहाच केला, आणि त्याने तो प्यायला.

बाकीचा आठवडाभर घरात अम्मा आणि मी. त्या विधवा, गुडघ्यांनी अधू आणि बोलक्या. माझ्याशी बोलताना उत्तराची वाट पाहायची नसते हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं. मी जिन्यावरून लगबगीने उतरले की म्हणायच्या, "सावकाश गे कण्णा. कोणी पाठलाग करीत नाहीं तुझा." कण्णा म्हणजे त्यांच्या तोंडी बाळा. त्या मला माझ्या नावानेच हाक मारायच्या. आईचा फोन आला की आई मात्र नव्या नावाने माझी चौकशी करायची, आणि अम्मा रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारायच्या, "ही कोण गे? तुझी बहीण काय?"

"तुम्ही मांडवात ऐकलं नाही का नाव?"

"नादस्वर वाजत होतं. कोण काय ओरडलें कोणाला ऐकूं येतें? ताटांत वाचलें तेंच खरें."

त्या डांगर पच्चडी करायच्या, उडदाचं पीठ दह्यात कालवून. आमच्याकडेही डांगर असतं, पण आई त्यात कांदा घालते. अम्मांना कांदा चालत नसे. "तुझ्या आईचें डांगर रेल्वेंतून आलें, वाटेंत कांदा चढला," त्या म्हणायच्या. त्या घरात मी मराठी बोलायला लागले, त्यांचंच, अनुस्वारांसकट. चुकलं तरी कुणाला कळणार नव्हतं. संध्याकाळी त्या गजरे माळून ओट्यावर बसायच्या आणि मी त्यांच्या शेजारी. समोरून ऑफिसातून घरी येणारी माणसं जायची. त्यांच्यात माझं कुणी नसायचं, आणि एवढं एक सोडलं तर बरं वाटायचं.

मग मंडळातल्या बायकांनी आईला "काही गोड बातमी?" असं विचारायला सुरुवात केली. आईने मला विचारलं. मी जितक्या कमी शब्दांत सांगता येईल तितक्यात सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा रिकामी बॅग घेऊन अड्यारला आले.

अम्मा दारापर्यंत आल्या. मला म्हणाल्या, "छत्री घे गे. तुझी आहे."

वकीलबाईंकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आईने पर्समध्ये लग्नाची सीडी आणली होती. तिच्या मनात काहीतरी होतं. तिच्या मते सप्तपदीच्या वेळी फोटोवाला मध्ये आला होता आणि विधी अर्धवट राहिला होता. विधीच झाला नसेल तर त्याला नावं ठेवायला नकोत, तपासण्या नकोत, काहीच नको. वकीलबाईंनी हसू आवरून सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. आम्ही तिघी माझं लग्न पाहत बसलो. एक मावशी बराच वेळ लाडू खात होती. बाबांचा फेटा प्रत्येक दृश्यात वेगळ्या बाजूला कललेला होता. सप्तपदी अगदी नीट झाली होती. फोटोवाला आलाच नव्हता मध्ये.

"लग्न पक्कं आहे," वकीलबाई म्हणाल्या.

मग ताट आलं. कॅमेरा थेट तांदळावर गेला. वकीलबाई सहज वाचून गेल्या, आणि माझ्याकडे वळून तमिळमध्ये म्हणाल्या, "हे तर तुमचंच नाव."

एवढं तमिळ आईला कळलं. "मी ठरवलेलं नाही ते?"

"नाही."

"तुला माहीत होतं?"

"हो."

आईने पडद्याकडे पाहिलं. तिथे ती स्वतःच मोठ्याने ते नाव सांगत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. मग ती म्हणाली, "म्हणजे त्याने तुला त्या दिवशीही बायको म्हणून घेतलं नव्हतं. हे कोर्टात चालतं का विचार."

मी विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, चालत नाही, पण बरंच झालं, कागदपत्रांवर नाव बदललं नसेल तर परत बदलायची कटकट नाही. खरंच बदललं नव्हतं. तेवढ्या बाबतीत मी नशीबवान होते.

आईचं वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आलं. आठ महिने मी त्या तांदळाकडे एक मेहेरबानी म्हणून पाहिलं होतं. त्या लग्नात माझ्यासाठी म्हणून केलेली ती एकच गोष्ट होती. ती सुद्धा नकारच असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

गुम्मिडिपूंडीची गाडी एन्नोरवरूनच जाते. त्याचं येणं-जाणं माझ्या माहेरच्या स्टेशनातूनच व्हायचं. मी त्याला फोन करून विचारलं, शनिवारी येताना इथे उतराल का? तो उतरला. आम्ही प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर बसलो, मध्ये त्याची डब्याची पिशवी. वाऱ्यावर खाडीच्या मासळीचा वास येत होता. बाकावर राखेचा थर होता, तो त्याने माझ्या बाजूचा आधी रुमालाने पुसला.

"ॲनलमेंटच कर," तो म्हणाला. "माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहू देत. मी विरोध करणार नाही. तुझ्यावर काही राहायला नको."

"एक विचारू? ताटात माझंच नाव का लिहिलंत?"

त्याला बहुधा हा प्रश्न कधीतरी येणार हे माहीत होतं. त्याने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "तू परत जाणार हे मला तेव्हाच माहीत होतं. जाताना तुझं तुझ्याजवळ असावं, असं वाटलं."

त्याने ते चांगुलपणानेच केलं होतं. मी ते मान्य केलं, आजही करते. पण त्याच्या शेजारी बसल्या बसल्या मला दिसलं की मांडवात नादस्वर वाजत असताना, मी जरीच्या साडीत घामाघूम उभी असताना, हा माणूस तेव्हाच ते लग्न रद्द करत होता. हातात अंगठी घेऊन. कोर्टात फक्त त्याची नक्कल निघणार होती. आणि मी तर आठ महिने तिथे होते. मी दर शनिवारी वेणी घातली होती. मी बाहेरच्या खोलीतला पंखा दोनवर ठेवायला शिकले होते, कारण तीनवर तो आवाज करायचा आणि त्याची झोप मोडायची. मी अम्मांची झाले होते. हे सगळं कुणाचं होतं मग?

"मी तसं लिहिणार नाही," मी म्हटलं. "तुमच्याबद्दल नाही आणि माझ्याबद्दलही नाही. माझं लग्न झालं होतं."

गाडी आली. दारात उभा राहून त्याने हात वर केला, आणि हलवायचा की नाही हे न ठरल्यासारखा तसाच धरून ठेवला.

घरी सांगितलं तेव्हा आई भांडी घासत होती. तिने नळ बंद केला नाही. "वेड लागलंय तुला. घटस्फोटित म्हणून पाटी लागेल कपाळावर. अविवाहित म्हणवून घ्यायची संधी कुणाला मिळते? तुला मिळतेय तर नखरे."

"अविवाहित नाही म्हणवून घेता येत," मी म्हटलं. स्टेशनजवळच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये बसून मी लग्नाची एक वेबसाइट पाहून आले होते. तिथे चार पर्याय होते: लग्न न झालेले, घटस्फोटित, जोडीदार वारलेले, आणि शेवटी ॲनल झालेले. त्यांची वेगळी ओळ होती. "झालंच नव्हतं म्हणणाऱ्यांनाही तिथे सांगावंच लागतं, आई."

"लोक खोटं लिहितात."

"मी लिहिणार नाही."

"बोलायला कधी शिकलीस गं एवढं?" ती म्हणाली. रागाने म्हणाली, पण नळ बंद केला.

बाबा दारात येऊन उभे होते. "संमतीने घ्यायचा तर किती थांबावं लागतं?" त्यांनी मला विचारलं.

"आधी वर्षभर वेगळं राहायचं. मग अर्ज. मग आणखी सहा महिने."

"थांबू," बाबा म्हणाले आणि आत गेले.

ते दिवस कसे गेले याबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. मी एका कंपनीत फायली तपासायचं काम धरलं. तिथे फॉर्म भरून घेणाऱ्या बाईंनी मिस की मिसेस असं विचारलं आणि उत्तरासाठी त्या थांबल्या, पण मी इतका वेळ घेतला की त्यांनी ती जागा मोकळी सोडली. मंडळाच्या कार्यक्रमांना आई एकटी जायची. संध्याकाळी गुम्मिडिपूंडीकडची गाडी जायची, तेव्हा मी दोरीवरचे कपडे झटकत असायचे. गाडीकडे पाहायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं, तरी पाहत नसे. अम्मांचा एकदा फोन आला. "डांगर केलें आज," त्या म्हणाल्या, "एकटीला पुरून उरलें." मग "सेरी, बरें, ठेवतें" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शेवटच्या तारखेला आई माझ्याबरोबर आली. कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्यासारखी पुष्कळ माणसं उभी होती. प्रत्येक कुटुंब दुसऱ्या कुटुंबापासून थोडं अंतर राखून, लग्नाच्या पंगतीत जागा धरतात तसं. तो एका खांबाशी एकटा होता. शिपायाने आमची दोघांची नावं एका दमात पुकारली. त्याच्या नावाला लागून माझं नाव कुणी मोठ्याने घेतलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मांडवात ते झालं नव्हतं.

आत फार वेळ लागला नाही. बाहेर आल्यावर तो माझ्याकडे आला, आईला वाकून नमस्कार केला, मला म्हणाला, "अम्मांनी विचारलंय, छत्री आहे ना नीट?" मी हो म्हटलं. मग तो गेटकडे गेला आणि आम्ही बसस्टॉपकडे.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बराच वेळ गेल्यावर आईने विचारलं, "जज्जनी काय विचारलं?"

"नाव विचारलं. लग्न झालं होतं का, विचारलं. आणि स्वतःच्या मर्जीने आलात का."

"मग?"

"हो म्हटलं. सगळ्याला."

आई बाहेर बघत राहिली. बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती आणि बस हळूहळू सरकत होती. पर्सची चेन तिने उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"पेढे कुणी आणले होते गं तेव्हा?" ती म्हणाली. "चांगले होते."

"त्यांच्याकडचे होते," मी म्हटलं. "अम्मांनी मैलापूरहून आणवले होते."